अर्ज एकीचा, आयुष्य दुसरीचे

अर्ज म्हणजे काय, हे शासकीय नोकरीत उभी हयात घालवलेल्या माणसाला कोणी शिकवायला नको. विषय, संदर्भ, महोदय, नम्र विनंती आणि खाली सही. मधल्या जागेत लिहायचे ते शक्य तितके थोडे. अर्जदाराने त्यात आपले मन ओतावे अशी अपेक्षा कोणत्याही कचेरीने केली नाही आणि चुकून कोणी ओतलेच, तर बाबू तेवढा परिच्छेद ओलांडून थेट ‘तरी’ या शब्दापाशी येऊन थांबत. परंतु आता आमच्या घरांतील मुलेमुली असे अर्ज लिहू लागली आहेत की ज्यांत मन हाच मुख्य दस्तऐवज मानला जातो. क्लिनिकल सायकॉलॉजी, म्हणजे चिकित्सा मानसशास्त्र, या विषयातील डॉक्टरेटसाठीचा अर्ज हा त्यांतला सर्वांत अवघड म्हटला पाहिजे. या अर्जातील एका पानामुळे जो प्रश्न आमच्यासमोर आला, तो आम्ही पुष्कळ दिवस मनात घोळवला आहे आणि आज या पत्रिकेच्या वाचकांपुढे ठेवत आहोत.

प्रश्न असा : आपण या शास्त्राकडे का वळलो हे सांगताना घरातील आजारी माणसाची हकीकत लिहिण्याचा अधिकार अर्जदाराला आहे काय? असल्यास तो त्याला कोणी दिला?

आधी थोडी पूर्वपीठिका सांगणे भाग आहे, कारण आमच्या पिढीतील बहुतेकांचा या वाटेशी परिचय नाही. लाइटनर विटमर यांनी १८९६ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय उघडले, तेथून या शाखेचा आरंभ मानतात. १९४९ मध्ये बोल्डर येथे भरलेल्या परिषदेने असे ठरवले की या विषयाचा डॉक्टर हा संशोधकही असावा आणि रुग्णासमोर बसणाराही असावा. आजही तेथील पीएच.डी. याच दुहेरी जोखडाखाली चालते. आपल्याकडे १९५४ मध्ये बंगळूरला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली. १९७४ मध्ये तेथील मनोरुग्णालय आणि ती संस्था एकत्र होऊन ‘निम्हान्स’ झाली. रांचीची केंद्रीय मनश्चिकित्सा संस्था तर १९१८ पासूनची. एम.ए., मग अशा एखाद्या संस्थेत दोन वर्षांचे एम.फिल., मग भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आणि पुढे इच्छा असल्यास पीएच.डी., अशी शिडी कित्येक वर्षे ठरलेली होती. २०२२ च्या नियमांनी विद्यापीठ अनुदान आयोगाने एम.फिल. ही पदवीच मोडीत काढली; या विषयापुरती तिला २०२५-२६ च्या सत्रापर्यंत मुदत मिळाली आणि आता तिच्या जागी साय.डी. वगैरे नव्या पदव्या आल्या आहेत. शिडीच्या पायऱ्या अशा वरचेवर बदलू लागल्या की चढणाऱ्याने दुसरी भिंत शोधावी, हे ओघानेच आले. काही मुले अमेरिकेकडे पाहतात. तेथे पाच-सहा वर्षांचा अभ्यासक्रम, त्यात एक वर्ष पूर्णवेळ रुग्णसेवेचे; पण बऱ्याच विद्यापीठांत फी माफ आणि वर विद्यावेतन. साहजिकच मूठभर जागांसाठी शेकड्यांनी अर्ज येतात, आणि बहुतेक ठिकाणी ते डिसेंबरच्या सुमारास पोचावे लागतात.

(जाता जाता एक गंमत. असल्या अर्जांत गावाचे नाव यादीतून निवडायचे असले की ‘हट्टा’ म्हणताच पुढे येते ते दमोह जिल्ह्यातले. आपले हट्टा, बालाघाट जिल्ह्यातले, बावडीचे, त्या यादीत सापडतच नाही. टपालाच्या काळापासूनची ही गोष्ट आहे. संगणकाने ती जशीच्या तशी पुढे चालवली एवढेच.)

गुणपत्रिका, प्राध्यापकांची तीन शिफारसपत्रे, संशोधनाचा अनुभव आणि या सर्वांबरोबर एक निवेदन. तुम्हांला हे शास्त्र का शिकायचे आहे, येथपर्यंत तुम्ही कसे आलात, ते आपल्या शब्दांत लिहा. काही विद्यापीठे याखेरीज ‘वैयक्तिक निवेदन’ म्हणून आणखी एक पान मागतात. खरी अडचण या पानाची आहे.

आमच्या परिचयातील एका मराठी घराण्यातील मुलीने हे पान लिहून आम्हांला दाखवले. घराणे जुने, भोसल्यांच्या अमदानीत या धानाच्या मुलखात आलेले आणि १९५६ मध्ये राज्ये नव्याने आखली गेली तेव्हा गोंदिया तिकडे, बालाघाट इकडे अशा वाटणीत इकडेच राहिलेले. मुलगी नागपुरात एम.ए. झालेली, हुशार, भाषेवर चांगली पकड असलेली. तिच्या इंग्रजी निवेदनाचे पहिले वाक्य मराठीत साधारण असे होईल : ‘मी नऊ वर्षांची होईपर्यंत मला वाटत असे की प्रत्येक घरात एक खोली बाहेरून कडी लावण्यासाठी असते.’ पुढे त्या खोलीतील तिच्या आत्यांची हकीकत होती. आजाराचे नाव, बैगाकडून झालेली झाडफूक, नागपूरच्या फेऱ्या, मग औषधांनी आलेला उतार, उघडलेले दार. वाक्य उत्तम होते यात शंका नाही. समितीत बसलेल्या कोणाही माणसाला ते वाचून पुढचे वाचावेसे वाटले असते.

मुलीच्या चुलत्यांना मात्र ते मुळीच पटले नाही. ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, “साहेब, तुम्ही सांगा तिला. हे पान अमेरिकेतच राहील कशावरून? घरात अजून दोन पोरी लग्नाच्या आहेत.” मुलीचे म्हणणे नेमके उलटे. “मामा, झाकून ठेवलं म्हणूनच ती कडी इतकी वर्षं राहिली. आता मीही झाकू?”

दोघांचे म्हणणे ऐकताना आम्हांला असे वाटत गेले की दोघांच्याही बोलण्यात वजन आहे, आणि तरीही दोघेही एकाच चुकीच्या दारावर थाप मारत आहेत.

मुलीची बाजू आधी पाहू. मौनाने किती नुकसान होते याचा हिशेब आता उपलब्ध आहे. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. त्यांत आपला मध्य प्रदेश होता, महाराष्ट्र नव्हता. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोक त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मानसिक आजाराने ग्रस्त आढळले, आणि निरनिराळ्या आजारांत उपचारांपर्यंत न पोचलेल्यांचे प्रमाण ७० पासून ९२ टक्क्यांपर्यंत निघाले. आपल्या राज्यातील जुनी मनोरुग्णालये ग्वाल्हेर आणि इंदूरला. बालाघाटच्या माणसाला त्यांपेक्षा नागपूर जवळचे. तेथील मनोरुग्णालय १८६४ पासून आहे आणि बालाघाट मध्य प्रांतात असल्यापासून इकडचे लोक तिकडेच जात आले आहेत. पण हे जाणे नेहमी रात्रीच्या गाडीने, आणि गावात सांगायचे काय, तर ‘माहेरी गेली आहे’. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी येथे आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. त्यांना तेथे कोणी परक्याने नेऊन सोडले नव्हते. बहुतेकांना नातलगांनीच पोचवले होते. अशा मौनाची बाजू आम्ही घेऊ शकत नाही.

बोलण्याने काय साधते याचे आपल्यातलेच उदाहरण जगन्नाथ वाणी यांचे. धुळ्याकडचे वाणी कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीच्या स्किझोफ्रेनियाविषयी ते उघडपणे बोलले, पुण्यात या आजाराविषयी जागृती करणारी संस्था त्यांनी उभी केली, आणि सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या २००४ मधील ‘देवराई’ या चित्रपटामागे त्यांचे पाठबळ होते. तो चित्रपट पाहून ‘आमच्या घरातही असेच आहे’ असे पहिल्यांदा तोंडातून काढणारी माणसे आम्हांला माहीत आहेत. चुलत्यांच्या दोन लग्नाच्या पोरी या पारड्यात टाकल्या, तरी पारडे हलत नाही असे आमचे मत आहे. घराण्याची अब्रू नावाची जी वस्तू आपण जपतो, तिची किंमत बहुतेक वेळा घरातील सर्वांत दुबळ्या माणसाकडून वसूल केलेली असते.

मग मुलीने लिहावे, असेच ना? येथे आमचा पाय अडतो.

वाणी यांनी जे केले ते अनेक वर्षे शुश्रूषा करून, आणि त्यातून जे उभे राहिले ते इतर रुग्णांसाठी. अर्जातील पान हे प्रवेशासाठी लिहिलेले असते. त्यातून मिळणारी जागा, विद्यावेतन आणि पुढची प्रतिष्ठा, सारे लिहिणारीचे. यात काही पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या दुःखाच्या बळावर हे मिळायचे, ते दुःख सोसणारी दुसरीच कोणी आहे, हे नाकारता येत नाही. स्वतःचा आजार स्वतः सांगणे ही वेगळी गोष्ट. के रेडफील्ड जेमिसन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९५ मध्ये स्वतःच्या द्विध्रुवी आजारावर पुस्तक लिहिले. मार्शा लिनहान यांनी तर आत्मघाताकडे वळणाऱ्या रुग्णांसाठी एक संपूर्ण उपचारपद्धती घडवली आणि आपण स्वतः वयाच्या सतराव्या वर्षी मनोरुग्णालयात होतो, हे २०११ मध्ये, साठी उलटल्यावर, जाहीर केले. कधी सांगायचे, कोणाला सांगायचे, किती सांगायचे, हे सारे त्यांच्या हाती होते. आत्यांच्या हाती यांतले काहीच नव्हते.

नाव न घेता लिहिले तर? ‘माझ्या एक नातलग’ एवढेच म्हटले तर? मुलीने हाही तोडगा सुचवला. याला उत्तर फ्रॉइडने नकळत देऊन ठेवले आहे. १९०५ मध्ये त्याने एका तरुण मुलीची केस ‘डोरा’ या टोपणनावाने छापली. आपण नाव बदलले आहे, छापण्यापूर्वी चार वर्षे थांबलो आहोत, आणि वैद्याचे जसे एका रुग्णाप्रति तसे शास्त्राप्रतिही कर्तव्य असते, अशी सफाई त्याने प्रस्तावनेतच दिली. आज मानसशास्त्राचा सामान्य विद्यार्थीही सांगू शकतो की डोरा म्हणजे इडा बाउअर. व्हिएन्नासारख्या महानगरात ही गत, तर आपल्या इकडे काय बोलावे? या जिल्ह्यातील जुनी मराठी घराणी बोटांवर मोजावीत. ‘एका घरातील आत्या’ म्हटले की ओसरीवर बसलेल्या चार म्हाताऱ्यांना वाडा, मजला आणि खोली सांगता येईल.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. ड्रू आणि कॅरेन ॲपलबी यांनी २००६ मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्र विभागांच्या प्रवेश समित्यांच्या प्रमुखांना विचारले की चांगल्या अर्जदारालाही नापास करणाऱ्या गोष्टी कोणत्या. उत्तरांत वैयक्तिक निवेदनातील अति उघडपणा, स्वतःच्या मानसिक आजाराच्या कहाण्या आणि नुसता परोपकाराचा उमाळा यांचा उल्लेख होता. म्हणजे जे पान आतड्याने लिहिले तेच घातक ठरण्याचा संभव. पण या मुद्द्यावर आम्ही फार रेंगाळत नाही. फायदा होत नाही म्हणून लिहू नये, हा युक्तिवाद वकिलाला शोभेल. प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. समजा फायदा झाला असता, तर मग लिहावे काय?

आमच्या मते उत्तराची वाट कायद्याने दाखवली आहे, आणि ती दाखवायला त्याने शंभरावर वर्षे घेतली. १९१२ च्या कायद्याखाली आणि त्यानंतरच्या १९८७ च्या कायद्याखालीही नवऱ्याने वा अन्य नातलगाने अर्ज करावा, सोबत दोन वैद्यकीय दाखले जोडावेत, आणि मॅजिस्ट्रेटने रुग्णाला दाखल करण्याचा आदेश द्यावा, अशी एक रीत होती. असे कागद आमच्या डोळ्यांखालून गेले आहेत. नातलग काय म्हणतात ते सविस्तर असे, डॉक्टर काय म्हणतात ते दोन ओळींत असे. जिच्याविषयी सर्व चालले आहे ती काय म्हणते, ते आम्ही पाहिलेल्या कागदांत क्वचितच दिसे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने बाजू पालटली. मनोरुग्णालाही निर्णयाची क्षमता आहे असे धरून चाला, असे चौथे कलम सांगते. समजणे, परिणाम ओळखणे आणि आपले म्हणणे कोणत्याही रीतीने कळवणे, एवढे जमले की पुरे. तेविसावे कलम आजाराविषयीची गुप्तता हा रुग्णाचा हक्क ठरवते. घराण्याचा नव्हे, चुलत्यांचा नव्हे, भाचीचाही नव्हे. हे कलम डॉक्टर-रुग्णालयांना बांधणारे आहे, घरातल्या माणसांच्या लेखणीवर ते चालत नाही हे आम्ही जाणतो. पण जिला उद्या हाच नियम पाळून पोट भरायचे आहे, तिने तो अर्जाच्या दिवसापासून पाळावा, अशी अपेक्षा वावगी नाही.

म्हणजे चुलते परवानगी नाकारत होते आणि मुलगी ती आपण होऊन घेत होती. दोघांकडेही ती नव्हतीच. आत्या परसात तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि त्यांना कोणी विचारले नव्हते.

आम्ही मुलीला एवढेच सुचवले की हे पान मराठीत करून आत्यांना वाचून दाखव. यामागे आमच्या नोकरीतला एक धडा आहे. कर्मचाऱ्याचा गोपनीय अहवाल लिहिण्याची पद्धत वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. पूर्वी प्रतिकूल शेरा तेवढा कळवत; ‘चांगला’ हा शेरा कळवत नसत, आणि बढतीला ‘अति चांगला’ लागतो म्हणून त्या न कळवलेल्या ‘चांगला’नेच माणूस मारला जाई. २००८ मध्ये देव दत्त यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की प्रत्येक शेरा, मग तो कसाही असो, संबंधिताला कळवलाच पाहिजे. त्या निकालाने लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांची कुरकुर पुष्कळ झाली. पण लेखणीला जे वळण लागले ते आम्ही पाहिले आहे. ज्याच्याविषयी लिहितो तो वाचणार आहे, हे माहीत असले की विशेषणे गळतात आणि घटना उरतात. अमेरिकेत शिफारसपत्रांच्या बाबतीत रीत उलटी आहे. १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्याला ती पाहण्याचा हक्क दिला, पण अर्ज करतानाच तो सोडून द्यावा असा रिवाज पडला, कारण न वाचता येणारे पत्र अधिक खरे मानले जाते. याही बोलण्यात तथ्य आहे. तरीही शिफारसपत्र ज्या मुलीविषयी असते, तिने आपण होऊन हक्क सोडलेला असतो. आत्यांनी काही सोडलेले नव्हते.

मुलीने वाचून दाखवले. दोन दुपारी लागल्या. चुलत्यांना धसका होता की ऐकून आजार उलटेल. तसे काही झाले नाही, मात्र नागपूरच्या डॉक्टरांना आधी विचारून घेतले होते, हे सांगितले पाहिजे. कडीच्या वाक्याला आत्यांनी हरकत घेतली नाही. “होती तर होती,” म्हणाल्या. आजाराचे नाव राहू दे म्हणाल्या; ते डॉक्टरच्या चिठ्ठीवर आहेच. एक वाक्य मात्र त्यांनी काढायला लावले. ते कोणते, हे अर्थातच येथे येणार नाही. इतकेच सांगतो की ते त्यांच्याविषयी नव्हते, घरातील दुसऱ्या एका माणसाविषयी होते आणि ते माणूस आता हयात नाही. आम्हां तिघांपैकी कोणालाही ते वाक्य आक्षेपार्ह वाटले नव्हते. चुलत्यांनी जे जे खोडले असते ते सर्व त्यांनी ठेवले, आणि कोणाच्या ध्यानीमनी नसलेले ते खोडले.

मग त्यांनी विचारले, “मी बी.एससी.ला होते, गणित होतं, ते कुठं आलं? तुला पावकी-निमकी मीच शिकवली.” ते खरोखरच आले नव्हते. दोन पानांत आत्या म्हणजे आजार आणि आजार म्हणजे आत्या, एवढेच होते. मुलगी मनाने चांगली आहे, तिचे आत्यांवर प्रेम आहे, तरीही ते राहून गेले. नव्या मसुद्यात कडी आहे, पण त्याआधी पाढे आहेत. तो मसुदा अधिक प्रभावी झाला की कमी, हे समितीला ठाऊक; अर्ज गेला आहे.

वाचकांच्या मनात एव्हाना एक शंका आली असेल : आणि तुम्ही? तुम्ही हे सारे या पत्रिकेत छापताच आहात ना, जी नेमकी त्याच ओसऱ्यांवर वाचली जाते? शंका रास्त आहे. हा लेख छापायला देण्यापूर्वी आत्यांना वाचून दाखवला. त्यांनी आमची दोन वाक्ये गाळायला सांगितली, ती गाळली. वाडा हट्ट्यातला की वैनगंगेकाठच्या दुसऱ्या कोणत्या गावातला, हे सांगू नका म्हणाल्या, म्हणून सांगितलेले नाही.

येथवर सोपे होते, कारण विचारायला माणूस समोर होते आणि उत्तर द्यायच्या अवस्थेत होते. ज्याला सध्या आपले नावही सांगता येत नाही, त्याच्याविषयी काय? कायदा अशा वेळी नामनिर्देशित प्रतिनिधी मान्य करतो, आणि तो नातलगच असला पाहिजे असे नाही. पण तो उपचारांच्या निर्णयांत साहाय्य करण्यासाठी. प्रवेश-अर्जात आपली कहाणी वापरू द्यायची का, हे माझ्यावतीने दुसऱ्याने ठरवावे, असे कोणाला वाटेल? आमचे मत असे की त्याने बरे होईपर्यंत थांबावे, आणि तो बरा होणार नसेल तर स्वतःपुरते लिहावे : मी काय पाहिले, मला काय कळले नाही, मी कोणते पुस्तक उघडले. एवढ्यानेही पान भरते. कोणी म्हणेल की स्वतःपुरते लिहिले तरी दुसरा त्यात डोकावतोच. डोकावेल. तेवढे टाळता येणार नाही.

आणि जे गेले त्यांचे काय? आपल्यापैकी बऱ्याच घरांत जुन्या वंशावळी आहेत. नागपूरहून, वऱ्हाडातून, क्वचित कोकणातून आलेल्या मूळ पुरुषापासून खाली उतरत आलेल्या. त्या नीट पाहिल्या तर कोठे कोठे एखाद्या नावापुढे रेघ ओढलेली नसते. लग्न नाही, संतती नाही, मृत्यूची तिथी नाही. विचारले की वडीलधारे म्हणतात, ‘ते लहानपणीच गेले,’ किंवा विषय बदलतात. अशा एखाद्या नावाची चौकशी नागपूरच्या मनोरुग्णालयापर्यंत जाऊन थांबते. त्या माणसाला वाचून दाखवता येत नाही. त्याच्या पणतीने त्याच्याविषयी लिहावे की नाही, यावर आमचे मत अजून पक्के झालेले नाही. लिहावे, असे वाटते. पण निदान घरातील सर्वांत म्हाताऱ्या माणसापाशी दोन दुपारी बसून, त्याला गणित येत होते का, तो गात होता का, हे विचारून घेतल्यावर. असे म्हातारे माणूस आमच्या माहितीतल्या तीन घरांत अजून आहे.